बूच

जानेवारीत तिघऱ्याचं पाणी निवळतं,
असं रज्जन बाथम म्हणाला होता.
पावसाळ्यात नुसता चहा, उन्हाळ्यात चिखल,
जानेवारीत मात्र हात लांब केला तर
आपलीच बोटं दिसतात.
म्हणून जानेवारी.

लष्करहून निघालो तेव्हा धुकं असं
की पुढच्या ट्रकचा क्लीनर खाली उतरून
टॉर्च घेऊन चालत होता.
मी सेहेचाळीस वर्षांची. तरण पुष्करात
तीन उन्हाळे काढलेली, तेवढीच पात्रता.
अंगाला मोहरीचं तेल, वर रबरी पोशाख
रज्जनच्या पुतण्याच्या मापाचा.
काचेत थुंक, म्हणजे वाफ धरत नाही, तो म्हणाला.
थुंकले.

नाना पाटबंधारे खात्यात लाँच चालवायचे.
लाँच क्रमांक तीन. खात्यात नावं ठेवत नाहीत.
एका रात्री ती बांधलेल्या जागीच बसली,
वादळ नाही, धडक नाही,
गाय बसावी तशी.
चौकशीत प्रश्न एकच होता :
तळाचं बूच लावलं होतं का?
नाना म्हणाले, लावलं होतं.
मग म्हणाले, लावलं असणार.
मग टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत राहिले.
कागदावर शब्द आला : निष्काळजीपणा.

त्यानंतर आमच्या घरातला प्रत्येक नळ
रात्री दोनदा बंद व्हायचा.
दाराची कडी, गॅसचं बटण, रॉकेलच्या डब्याचं झाकण,
माझ्या शाईच्या दौतीचंसुद्धा,
इतकं घट्ट, की सकाळी शाळेत
दुसऱ्या कुणाची शाई मागावी लागे.

चेहरा पाण्यात घातला
आणि कपाळात खिळा गेला.
थंडी नव्हे, खिळा.
नळीतून माझाच श्वास ऐकू येत होता,
शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय तसा.
मी खाली गेलेच नव्हते अजून,
हिरव्यातून तीच वर येत गेली :
छपराच्या पट्ट्या, मग खांब, मग सुकाणूचं चाक,
चाकाला शेवाळ, सगळं एकाच बाजूला विंचरलेलं.
चालकाच्या जागी एक मरळ.
तिनं मला पाहिलं. हलली नाही.
ड्यूटीवर होती.

दोन पुरुष पाणी, फार नाही.
पहिल्या बुडीत कान चिरले, परतले.
दुसऱ्या बुडीत मागची बाजू सापडली,
पण श्वास संपला आणि वर येताना
गुडघा कशावर तरी आपटला.
रज्जन ट्यूबला धरून तरंगत होता. म्हणाला,
दीदी, लोहा ही तो है, कल भी यहीं रहेगा.

तिसऱ्या बुडीत गाळात कोपरापर्यंत हात घातला.
गाळ पाण्याइतका गार नव्हता, याचं आधी नवल.
मग पितळ लागलं. गोल. कडा.
कडेच्या आत काहीतरी भरलेलं, घट्ट,
अंगठ्यानं दाबलं तरी न हलणारं.
बूच असेल.
किंवा तीस वर्षांचा गाळ,
तोही हाताला तसाच लागतो.
नखानं खरवडायला हवं होतं.
छातीत नुसते ठोके. वर आले.

मिला? रज्जननं विचारलं.
दात इतके वाजत होते
की उत्तराचं काम त्यांनीच केलं.
त्यानं गजक दिला, तो चावता येईना,
गालात धरून बसले,
गूळ विरघळायला वेळ लागला.

घरी आई मटार सोलत होती.
म्हटलं, लावलेलं होतं.
मला ठाऊकच होतं, ती म्हणाली,
आणि एक आख्खी शेंग
न सोलता दाण्यांत टाकली.

दोन दिवस उजवा कान बंद होता,
सगळं शहर रजईतून बोलायचं.
तिसऱ्या रात्री कूस बदलली
आणि कानातून थेंबभर तिघरा
उशीवर उतरला.
कोमट.
उठले. नळ पाहून आले.