उजवं पान

खानापुरात औषधाच्या दुकानात
सहा दिवस मी गोळ्या मोजतो.
सातव्या दिवशी पक्षी.

आम्ही तिघं.
शहाजान सनदी मोटारी वाइंड करतो,
त्याच्या जीपला तिसरा गिअर पडत नाही.
अंकलगी सर कन्नड शाळेतले, गणिताचे, आता घरीच,
आणि वही त्यांच्या पिशवीत.
डाव्या पानावर मी मराठीत लिहितो,
उजव्यावर ते कन्नडात.
सनदी कुठंच लिहीत नाही. म्हणतो,
"बघितलं की झालं की वो."

हिडकलच्या धरणावर कांड्या करकोचे, एकशे बारा.
(सर म्हणाले एकशे अकरा, एक बगळा होता.)
राकसकोपला पट्टकादंब, हिमालय ओलांडून आलेले,
आणि काठावर एक म्हैस,
त्यांच्याकडे एकदाही न बघणारी.
चोर्ल्याच्या वळणावर धनेश,
आधी नुसता पंखांचा आवाज,
आम्ही ट्रक समजून बाजूला झालो.

आणि मग ते पान.
बेडूकतोंड्या. एक. जांबोटीच्या पुढं. मी एकटा होतो.

खरं सांगायचं तर
त्या संध्याकाळी फक्त एक कर्कश हसू ऐकलं,
मग बॅटरीच्या उजेडात, बांबूच्या बेटात, एक वाळकं पान.
पान हललं नाही.
तो पक्षीही हलत नाही म्हणतात.
एवढ्यावर लिहिलं.

अकरा वर्षं झाली त्याला.
पुण्याहून माणसं आली, मांडीएवढ्या लेन्सा घेऊन.
मी त्यांना ते बेट दाखवलं,
"नशीब लागतं" म्हणालो,
आणि त्यांच्याच थर्मासातला चहा प्यालो.

ह्या फेब्रुवारीत, कणकुंबीच्या अलीकडं,
तानूबाई गावस गोठ्यासाठी पाचोळा भरत होती.
काय हुडकता, म्हणाली.
सनदीनं डोळे मिटले, मान वर केली,
तोंड कानापर्यंत फाकवलं.
"तो होय? चार दिवस झाले बसलाय.
दिवसा हा, रात्री ती येते.
मी त्याच्याखालचा पाचोळा ओढत नाही."

तिनं बोट केलं तिथं काही नव्हतं.
मग थोडं कमी काही नव्हतं.
मग फांदीच्या बेचक्यात
दगडफुलाच्या रंगाचा एक तुकडा,
वाटीच्या बुडाएवढ्या गादीवर,
चोचीवर मिशा,
आणि तोंडाची ती लांबलचक शिवण,
जन्मात एखादीच गोष्ट सांगायची असावी
आणि तीही आज नाही, अशी.

कुणी फोटो काढला नाही.
माझे हात थरथरत होते.
इतक्या वर्षांत आम्हा कुणाच्याच डोळ्यांना
हा पहिल्यांदाच दिसत होता,
आणि ते मी सांगू शकत नव्हतो.

सरांनी वही उघडली. नवं पान नाही, ते जुनं.
डावीकडं माझं ठळक अक्षर, खाली दोन रेघा.
उजवीकडं त्यांचं. मला कन्नड धड वाचता येत नाही,
म्हणून तिकडं मी कधी बघितलंच नव्हतं.
तारीख. गाव. "कप्पेबायी."
आणि पुढं, पेन्सिलीनं, मुंगीएवढं,
प्रश्नचिन्ह.
ते दोन्हीकडं सारखंच काढतात.

सर काही बोलले नाहीत.
शर्टाच्या खिशातून खोडरबर काढलं,
शाळेतलंच असावं, कडा झिजलेलं.

"राहू द्या की, सर," मी म्हटलं.
"मग आज काय लिहू?" त्यांनी विचारलं.
"पहिला, का दुसरा?"

"हळू बोला," तानूबाई म्हणाली.
"डोळा उघडला त्यानं."

फटीएवढा. पिवळा.
मग मिटला.

सनदीनं जीप न्यूट्रलला टाकली
आणि आम्ही ती ढकलत उतारापर्यंत नेली,
इंजिन चालू न करता.