अंश, छेद

रजिस्टरात कानडीत छापलंय 'मोट्टे',
स्वयंपाकाची निंगव्वा म्हणते तत्ती,
पोरं म्हणतात अंडं.
सोमवार, गुरुवार. माणशी एक.

नियम असा की इथंच खायचं, माझ्या समोर,
टरफल बादलीत टाकायचं.
बादली आणि पट जुळला पाहिजे.
जुळतो. मी मराठीत सही करतो.

अक्काताई मंगसुळे, इयत्ता पाचवी,
सगळ्यांत नीट सोलते.
मग वाकते खाली, बुटाची लेस बांधायला.
तिच्या पायात चप्पल असते.
दोन महिने मी त्या लेसकडे बघत नव्हतो.

या गुरुवारी कंपासपेटी पडली.
तुटका कर्कटक, बोटभर पेन्सिल,
बिडीच्या लाल दोऱ्याची गुंडी
आणि ते. पांढरं, ओलं,
एका बाजूनं तंबाखूची पूड लागलेलं.
वर्ग हसला नाही.
म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

घरी कोण कोण गं?
"आई. बारका. आन् आज्जा हाय, पर दात न्हाईत,
त्याला पिवळं दिलं की भागतंय."
चाकूनं कापतीस?
"चाकू कशाला सर? दोरा हाय की."
आणि दोन्ही हातांत ताणून दाखवला दोरा,
निपाणीतल्या सगळ्या गल्ल्यांत
रात्री दहापर्यंत चालणाऱ्या त्याच बोटांनी.
बलक सांडत न्हाई म्हणाली. तिन्ही सारखे.

तिन्ही?
तू धरून चार ना?
"मी हितं भात खाते की."

आठवडाभर मी फळ्यावर भाकरी काढत होतो,
आडवी रेघ, वर अंश, खाली छेद.
छेद वाढला की वाटा लहान, असं घोकून घेत होतो.
फळ्याच्या कोपऱ्यात 'आजची बातमी' चौकट असते,
वरून आदेश आहे, रोज भरायची.
आपला देश श्रीमंतांच्या यादीत आणखी वर सरकला.
वर्गात अक्षर चांगलं फक्त अक्काताईचं,
म्हणून ती तिनंच लिहिली होती,
'श्रीमंत'मधली वेलांटी जरा लांबवून, झोकात.

पेटी मी उचलून दिली.
बोललो काहीच नाही. काय बोलणार,
खा म्हणावं तर तिघं उपाशी,
ने म्हणावं तर नोकरी.
रकान्यात लिहिलं : हजर एक्केचाळीस, खाल्ली एक्केचाळीस.
बाहेर साखर कारखान्याकडं निघालेले ट्रॅक्टर
मोठमोठ्यानं गाणी लावून चालले होते,
मळीचा वास खिडकीतून आत, भातावर.

रात्री घरी एक अंडं उकडलं.
बायकोच्या डब्यातला दोरा घेतला, ताणला.
पहिला छेद तिरका गेला,
दुसऱ्याला अर्धा बलक ताटलीत.
पुन्हा एक उकडलं. तेही चुरलं.
"चाकू आहे की घरात," बायको म्हणाली,
"दोऱ्यानं कोण कापतंय अंडं?"