एकोणऐंशी, ऐंशी

सराफ्यात शटरं पडली,
गराडूची कढई अजून थंड.
हमीदाबी पायरीखालची धूळ कुंच्यानं ओढतेय.
आमच्या घरी झारेकरीण म्हणतात, इथे न्यारिया.

घमेल्यात पाणी, गाळ, वर पारा.
पारा केस, राख, काच सोडून देतो,
सोनं तेवढं धरतो.

मी अकरावीची केमिस्ट्री झाडते:
सोन्याच्या गाभ्यात एकोणऐंशी प्रोटॉन,
पाऱ्याच्या ऐंशी. एकाचाच फरक, चाची.

“एक ज़्यादा हुआ,
तो पैर नहीं टिकते बेचारे के.”

फडकं पिळलं. कण उरला,
मोहरीएवढा, अजून पांढरा.
तो आता चुलीवर जाईल, पारा उडेल.
मी म्हटलं, वाफ घेऊ नका.

मला आकडे पाठ आहेत.
तिची बोटं थरथरतात.