कडी

काब्रासच्या खाजणात मासे धरणारा बाकिझिओ
मावसबहिणीला घेऊन आलाय.
बोनारिआला दर एकविसाव्या दिवशी दोन पिशव्या रक्त.
दोष दोघांतही तोच, आईकडूनही, बापाकडूनही.
हा मात्र धडधाकट. जाळं ओढतो, वर शीळ घालतो.

"मलाच का सोडलं?"
मी पाठकोऱ्या कागदावर रेघ मारली.
हे जनुक. हा त्याचा उंबरा.
आणि हा, पार लांब, हजारो अक्षरं पलीकडे,
हुकूम देणारा.
त्याला चालावं लागत नाही,
धागाच वाकतो, वेटोळं घेतो,
लांबचा उंबऱ्याशी येऊन टेकतो.

पोटातल्या बाळाचं दार वेगळं.
जन्मल्यावर ते लागतं,
मग हुकूम पुढच्या दाराशी.
तुमच्याकडे पुढचंच मोडकं.
पण तुझ्या जुन्या उंबऱ्यावर
एक अक्षर चुकलंय,
कडी बसलीच नाही.

तो कागद दुमडत राहिला,
टोकाला टोक, पुन्हा उलगडून, पुन्हा.
"म्हणजे मी अजून पुरता जन्मलोच नाही."

बोनारिआ इतकी हसली
की सुई हलली,
आणि मी ओरडले दोघांवर.