निपाहकर

इपोहच्या पशुवैद्यक संस्थेत, दुसऱ्या मजल्यावर,
वून न्युक फा जुनी नावं खोडते आहे.
समितीचं पत्रक आलंय: यापुढे प्रत्येक विषाणूच्या जातीला
दोन शब्दांचं नाव,
दोन्ही शब्द तिरप्या अक्षरांत.
तिरपी अक्षरं तिला आवडतात.
वाऱ्यात उभी असल्यासारखी दिसतात.

कूळ ठरतं आतल्या धाग्यावरून.
किती पदरी, किती लांब,
सरळ वाचायचा की उलटा.
याचा धागा एकेरी, आणि उलटा,
म्हणून हा बसला गोवराच्या पंगतीत,
गालगुंडाच्या, कुत्र्यांच्या डिस्टेंपरच्या,
आणि गुरांच्या त्या बुळकांडीच्या,
जिचा माणसांनी निर्वंश केला
आणि सुतक कुणीच पाळलं नाही.

कुळाखाली प्रजाती: हेनिपा.
त्यातलं 'हे' ब्रिस्बेनच्या हेंड्राचं,
तिथे तबेल्यात घोडे मेले होते.
'निपा' तिच्या गावाचं.
दोन गावांनी एकमेकांना पाहिलेलं नाही,
सोयरीक कागदावरच उरकली.

सुंगाई म्हणजे नदी.
निपाह म्हणजे खाडीकाठचा बुटका माड,
त्याच्या झावळ्यांनी छपरं शाकारतात.
एवढंच होतं त्या नावात:
पाणी, आणि वर छप्पर.

ती नऊ वर्षांची होती.
बापाची सहाशे डुकरं, गोठ्यावर आंब्याची झाडं,
वटवाघळांनी अर्धे खाल्लेले आंबे
रात्रभर पत्र्यावर पडायचे. धप्. मग बराच वेळ काही नाही. धप्.
मग डुकरं खोकू लागली,
रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं.
आधी डासांवर आळ आला, धुराची गाडी फिरली.
धाकटा काका फात चोय चहा पिता पिता
कप कुठे ठेवायचा ते विसरला,
आणि सातव्या दिवशी गेला.
नंतर सैनिक आले. त्या दुपारबद्दल ती बोलत नाही.

कुठल्याशा नळीत नमुना होता, नळीला नाव हवं होतं.
कुणीतरी गावाचं लिहिलं.
पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत,
कानात कुर्र करायला आत्या नाही,
तरी बारसं झालं, आणि जगभर झालं.
नाव ठेवलं एकदाच.
नावं मग लोक ठेवत राहिले.
फरक एका टिंबाचा.

तेव्हापासून बँकेत, दवाखान्यात, मुलाचं लग्न ठरवताना
कुणी विचारलं की बाप सांगतो,
"पोर्ट डिक्सनजवळचे आम्ही."
जवळचे. पंचवीस वर्षं.

आता नियम आहे: नव्या रोगाला
गावाचं, नदीचं, माणसाचं, जनावराचं नाव द्यायचं नाही.
नियम चांगला आहे. न्युक फाला तो पाठ आहे.
मागच्या तारखेपासून तो लागू होत नाही,
हेही तिला पाठ आहे.

ओळ एकशे बारा. ती टाईप करते:
हेनिपाव्हायरस निपाहेन्से.
थांबते. शेवटचं ते 'एन्से' म्हणजे
त्या ठिकाणचा. तिथला रहिवासी.
आपण 'कर' लावतो ना, तसंच.
म्हणजे निपाहकर.

गोठ्यांच्या जागी आता तेलमाड आहेत, ओळीने,
आणि वून, थिएन, चोंग, सगळे
कशाच्या ना कशाच्या जवळचे झाले.
गावाचा म्हणून नाव लावणारा
तेवढा हा एक राहिला.

संध्याकाळी ती बापाला फोन करते.
"काय बदललं?"
"शेपूट फक्त."
तो विजेच्या बिलामागे लिहून घेतो,
एकेक अक्षर दोनदा विचारून.
"आणि तिरपं लिहितात म्हणालीस?"
"हो, नेहमी."
पलीकडे टीव्हीचा आवाज, कुणाचं तरी खोकणं.
"बरं आहे," तो म्हणतो.
"सरळ असतं तर
आपली बसथांब्याची पाटीच वाटली असती."