चार हजारांवर

गोळीबार चौकातून आत, तिसऱ्या बोळीत
होमराज हेडाऊंचं दुकान.
दुकान कसलं, जिन्याखालची जागा.
सोल्डरिंगचा वास आणि मे महिना
एकदमच अंगावर येतात.

मी मीटर घेऊन गेलो होतो.
दोन अ‍ॅम्प्लिफायर: एक नवा, माझा.
एक त्यांनी शहाऐंशी साली हातानं बांधलेला,
झाकण नाही, वर वर्तमानपत्र.
"तुमचा कोरडा वाजते," ते म्हणाले, "हा वल्ला वाजते."
मी म्हटलं, ओलं हे एकक नाही.

पडद्यावर रेषा दाखवल्या. दोन्ही सरळ,
एकीवर दुसरी ठेवली तर मध्ये केस मावणार नाही.
त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन पाहिलं,
लग्नपत्रिकेत आपलं नाव शोधावं तसं.

मग मध्ये चादर बांधली.
वायरी बदलायला नातू प्रणय, त्याला हसू आवरेना.
वीस वेळा. अकरा बरोबर.
नाणं उडवलं असतं तरी दहा आले असते.
मी वहीत लिहिलं.
ते खर्ऱ्याची पन्नी घोटत बसले.

मग त्यांनीच एक कागद काढला,
मेडिकलमधला, घडीवर फाटलेला.
एकवीस वर्षं पॉवरलूम चालवल्यावर
काढलेला कानांचा आलेख.
दोन्ही रेषा अडीच हजारापर्यंत नीट चालतात,
चार हजारांवर विहिरीत पडतात.
"इथं मले काहीच येत नाही," बोट ठेवून म्हणाले.
"झांज गेली. बायकोच्या बोलण्यातला स गेला.
पण हा बांधला तवा सगळं येत होतं.
हा वाजला का ते बी वाजते."

हे मी वहीत कुठे लिहिणार?
अकरा म्हणजे अकरा. अजूनही अकराच.

तेवढ्यात लाईट गेली, आली.
इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प्लिफायर चालू राहिले, कूलर बंदच पडला.
हेडाऊंनी मान तिरकी केली.
"तुमच्या नव्यात भुनभुन हाये. खाली, बारीक."
मला काहीच येईना.
मीटर पुन्हा लावला. होती. शंभर हर्ट्झ,
इतकी हलकी की मी ती रेघ
सरळ म्हणून वाचली होती.

वीसही वेळा कूलर चालू होता,
हे वहीत नाही.

पिशवी भरताना त्यांनी विचारलं,
"अन् तुमच्या कानाचा कागद?"
काढला नाही अजून, मी म्हटलं.
काऊन, असं त्यांनी विचारलं नाही.
खर्रा पुढे केला.