शनिवारचं पान

मर्टोआत सकाळी सातलाच ऊन पत्र्यावर वाजतं.
बाबा खुर्चीत, चष्म्याशिवाय;
आता चष्म्याचाही उपयोग उरलेला नाही.
मी टेबलावर फॉर्म गाइड पसरते.
"सातवी शर्यत," ते म्हणतात. "सोळाशे मीटर. सावकाश, लिओनी."

मी वाचते.
नाव, वय, आई कोण, बाप कोण,
साडेचोपन्न किलो, गेट नऊ,
मग ते आकडे,
दात पडलेल्या कंगव्यासारखे:
चार, शून्य, दोन, एक्स, एक.
शून्य म्हणजे दहावा, किंवा त्याच्याही मागे,
इतका मागे की मोजायचे कष्ट कुणी घेत नाही.
एक्स म्हणजे विसावा.
हे त्यांनीच शिकवलं मला,
मुळाक्षरांच्या जरा आधी.

चाळीस वर्षं गव्हाच्या सायलोवर
वजनकाट्याशी काढली त्यांनी.
ट्रक नुसता वळला की टन सांगायचे, बिनचूक.
घोड्यांच्या अंदाजाची वही मात्र आईकडे असायची
आणि ती त्याबद्दल काही बोलायची नाही.

आज एक नाव मी गाळलं.
जीभ सातावरून सरळ नवावर गेली.

बाबांनी कप खाली ठेवला.
"रेडिओवाला बारा म्हणाला होता. तू अकरा वाचलेस."

आठ नंबर. व्हर्नाज वॉल्ट्झ.
सहा वर्षांची घोडी, तपकिरी.
तीन, दोन, एक्स, पाच, एक्स.

ते काही बोलले नाहीत.
मिल्ड्युराला मावशीकडे आई दोनदा गेली, विसाव्याला.
दुसऱ्या खेपेला विसरलेली छत्री
अजून दाराआड आहे,
आणि झाडताना आम्ही दोघंही तिच्या भोवतीनं झाडतो.

"किती दिवसांनी धावतेय?"
"दोनशे अकरा."
"ट्रॅक?"
"हेवी आठ. मेलबर्नला रात्रभर पाऊस."
"चिखल तिला सोसत नाही."
पानावर असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग खिशातून पाचाची नोट, चौघडी पडलेली.
"जिंकण्यावर लावू नकोस.
पहिल्या तिनात आली तरी पुष्कळ."

पबच्या काउंटरवर डेल निट्श्केनं पावती फाडली,
नाव वाचलं,
आणि सुटे पैसे नसतानाही
गल्ल्यात उगाच काहीतरी शोधत राहिला.

दुपारी रेडिओ.
निवेदकानं तिचं नाव दोनदा घेतलं:
एकदा गेट उघडताना, एकदा वळणाच्या अलीकडे.
मग इतर नावं एकमेकांवर चढत गेली,
कुणीतरी जिंकलं.
बाबांची बोटं टेबलावर
शर्यत संपल्यावरही धावत होती.

"कितवी?"
मी फोनवर पाहिलं. अकरावी.
"पाचवी," मी म्हटलं.

ते बराच वेळ गप्प.
बाहेर एक ट्रक वळला; त्याचं वजन त्यांनी सांगितलं नाही.
"बरं," म्हणाले,
"मग पुढच्या शनिवारी वाचशील तेव्हा
पाचच वाच."